घुमट हाती घेतलेस त्या चवथीला

प्रिय दादा,

श्वास दिवसभर आपला आपण चालतो. जेवताना चालतो, भांडताना चालतो, गाढ झोपेतही चालतो. पण डोळे मिटून त्याच्याकडे लक्ष दिले की तो अडखळतो. कधी अपुरा वाटतो, कधी उगाच खोल जातो. हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. मग असे का व्हावे? तीस वर्षे मी नववीच्या वर्गात फुफ्फुसांची आकृती फळ्यावर काढली, आणि हा प्रश्न मला पडला तो साठी उलटल्यावर, चटईवर बसून!

तुझ्या वर्षश्राद्धाला अजून तीन आठवडे आहेत. हे पत्र तेव्हाच लिहायचे ठरवले होते. पण आज सकाळी योगवर्गात वहिनी एक वाक्य बोलल्या, आणि तोवर थांबण्याचा धीर मला उरला नाही.

योगवर्ग म्हणताच हसलास ना? हस. माझी जुनी विद्यार्थिनी शर्वरी लग्न होऊन पेडण्याला गेली. आठवडाभर ती तिथल्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांना योग शिकवते आणि रविवारी माहेरी येऊन आपल्या मुळगावच्या देवळाच्या सभामंडपात आम्हा नवशिक्यांना. तुझ्यामागे वहिनी उंबरठ्याबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. त्यांना चार माणसांत न्यावे, एवढाच माझा हेतू होता.

"पेडण्यात ती लोका श्वास घेवक शिकतत?" वहिनींनी विचारले. "मगे इतकी वर्सा काय करीत होती?"

पहिल्याच दिवशी मी माझ्या स्वभावाला जागलो. शर्वरीने "सावकाश श्वास सोडा" म्हटले आणि मी शेजारच्या गृहस्थांना छातीखालचा पडदा वर कसा सरकतो ते समजावू लागलो. शर्वरी म्हणाली, "सर, आज श्वास समजावायचा नाही. सोडायचा." सगळा मंडप हसला. वहिनींनी तोंडाला पदर लावला. "बरा झाला! आमी जलमभर तुमचा ऐकला, आता तुमी ऐका." कितीतरी महिन्यांनी त्या हसत होत्या, दादा. त्या हसण्यात शेवटी खोकला मिसळला, पण मी फक्त हसणे ऐकले.

कोड्याचे उत्तर मला दुसऱ्या रविवारी सापडले. हृदयावर आपली आज्ञा चालत नाही. हात आपल्या आज्ञेशिवाय उचलला जात नाही. श्वासाचे मात्र दोन धनी आहेत. एक न सांगता, न थकता तो चालवतो, दुसरे आपण. आपण पाहू लागलो की हा दुसरा धनी पहिल्याच्या हातून कारभार ओढून घेतो, आणि त्याला कारभार ठाऊक नसतो! म्हणून नवशिका श्वास ओढत बसतो. वास्तविक करायचे उलटे असते. बाहेर जाणारा श्वास शेवटापर्यंत जाऊ द्यावा. आत येणारा आपसूक येतो. हे कळले त्या दिवशी मला वर्गात पहिला आल्यासारखा आनंद झाला.

यासाठी शर्वरी सुरुवातीलाच भ्रामरी शिकवते. ओठ मिटून, श्वास संपेपर्यंत भुंग्यासारखा नाद करायचा. यात फसवाफसवी करता येत नाही. नाद थांबला की श्वास संपला, हे शेजाऱ्यालाही ऐकू येते. या क्रियेचे मला तेव्हा फार कौतुक वाटले होते. आता तिचीच धास्ती वाटते.

माझी सवय तुला माहीत आहे. मी वही केली. प्रत्येक रविवारी कोणाचा नाद किती अंक टिकतो, ते मनात मोजून लिहू लागलो. नवशिक्याचा आकडा वाढायला हवा. माझा अठरावरून चोविसावर गेला. शेजारच्या गृहस्थांचा वाढला. कधी व्यायाम न केलेल्या, पाव विकणाऱ्या पोदेराच्या आईचाही वाढला. वहिनींचा पहिल्या रविवारी पंधरा होता. पुढे पंधरा, चौदा, चौदा, तेरा. मी तो आकडा पुन्हा पुन्हा मोजला. मोजण्यात चूक नव्हती.

दादा, आपल्या परसातली विहीर आठवते? गावची लोहखनिजाची खाण खोल गेली आणि तिचे पाणी खाली खाली गेले. पण कळशी रोज भरूनच वर येत होती, म्हणून कोणालाच काही जाणवले नाही. ज्या दिवशी ती तळावर आपटली, त्याच दिवशी आपल्याला कळले. फुफ्फुसांचेही तसेच असते. बसल्या जागी माणसाला त्यांचा थोडासाच भाग लागतो. बाकीचा साठा आटत गेला तरी रोजची कळशी भरून येते. हे मी मुलांना शिकवले होते. घरात मात्र कधी दोर सोडून पाहिला नाही.

तू खाणीवरून ट्रक घेऊन परतायचास तेव्हा भुवयांपर्यंत तांबडा झालेला असायचास. आईचा दंडक कडक होता: धूळ घरात येता कामा नये. म्हणून तू मागच्या दारी कपडे उतरवायचास. धुतल्यावर टाकीचे पाणी तांबडे होऊ नये, म्हणून वहिनी आधी ते भिंतीवर आपटून झटकायच्या. दररोज, तुझी नोकरी होती तितकी वर्षे. त्यांच्याभोवती तांबडा ढग उठायचा आणि त्या पदराने तोंड पुसून आत यायच्या. आपण म्हणायचो, किती स्वच्छतेची बाई! घर वाचवण्यासाठी घालून दिलेली ती शिस्त होती, दादा. ती धूळ कुठे जात होती, हे आपल्यापैकी एकानेही विचारले का?

आणि ती गणपतीची चवथ! आरतीच्या शेवटची लांबलचक सुराची ओढ तुझी, हे सगळ्या शेजारपाजाराला ठाऊक होते. दुसऱ्यांचे आवाज गळून पडत आणि तुझा एकट्याचा, गणपतीवर फळे-पाने टांगलेल्या माटोळीखाली घुमत राही. त्या वर्षी तू मध्येच वळलास, पोराच्या हातून मातीचे, कातडे ताणलेले घुमट वाजवायला घेतलेस आणि मला म्हणालास, "मास्तर, आता तू ओढ रे. मी घुमट धरतंय. म्हाताऱ्यांचा मान तो!" काय अप्रतिम वाजवलेस! आम्ही तुझी पाठ थोपटली. पुढच्या चवथीलाही घुमट तुझ्याकडेच गेले, त्याच्या पुढच्याही. गाणारा माणूस वाजवायला का बसला, असे आम्ही विचारले नाही. तू तरी सांगायचेस! तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी पडद्यावरचा तुझ्या छातीचा फोटो दाखवला. फुफ्फुसे ताठ झाली आहेत, फार उशीर झाला, असे ते म्हणाले. मी ती आकृती ओळखली नाही. फळ्यावरची इतकी वेगळी होती.

आता आज सकाळचे सांगतो. तिसऱ्या भ्रामरीला वहिनींचा नाद अकराव्या अंकाला तुटला. त्यांनी डोळे उघडले, माझे डोळे त्यांच्यावर होते. त्या घाईने हसल्या आणि शर्वरीला म्हणाल्या, "तुमी करा गो बाय. मी घड्याळ बघतंय. कोणीतरी येळ बघूक होयो ना?"

शर्वरी म्हणाली, "किती छान, काकी!" कोणीतरी त्यांना घड्याळ दिले. सगळ्यांना बरे वाटले.

माझ्या कानांत तुझे घुमट वाजू लागले.

घरी आल्यावर मी म्हटले, "वहिनी, उद्या पणजीला जाऊन छाती तपासून घेऊ."

"माका काय झाला? वय झाला, भावजी. तुमका सगळ्यात विज्ञान दिसता."

"मग एका श्वासात मोठ्याने आकडे मोजून दाखवा. मी गप्प बसतो."

"तुमी आनी गप्प!" असे म्हणून त्या खुर्चीवर ताठ बसल्या आणि मोजू लागल्या. नऊपर्यंत आवाज खणखणीत होता. दहा पुटपुटला. अकराला फक्त ओठ हलले. मग त्यांनी मागच्या दाराकडे, त्या भिंतीकडे पाहिले.

"ह्यांका कितीपर्यंत मोजूक येय होता?" त्यांनी विचारले.

दादा, मी म्हणालो, "मी मोजले नव्हते."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने तिथूनच आवाज आला, "सकाळची बस किती वाजता असता?"

मी डॉक्टर नाही. कारण धूळ आहे की आणखी काही, ते तपासणी सांगेल, आणि काय सांगेल याची मला भीती वाटते. पण तुला वचन देतो. उद्या पहिल्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसेन, जो फोटो दाखवतील तो या खेपेस नीट पाहीन, आणि या घरात कोणाच्याही हाती घड्याळ किंवा घुमट देण्याआधी त्याचा श्वास ऐकेन. तुझ्या वर्षश्राद्धाला जे जेवायला येतील, त्या प्रत्येकाला पान वाढण्यापूर्वी एक गोष्ट करायला लावीन. ताठ बसायचे. न ओढता, पुरेसा श्वास घ्यायचा. मग नेहमीच्या आवाजात, सावकाश, पुन्हा श्वास न घेता मोजायचे: एक, दोन, तीन. जिथे आवाज थांबेल तो आकडा लिहून ठेवायचा. तो मोठा की लहान, याला महत्त्व नाही. पुढच्या रविवारी, त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा मोजायचे, त्याच्या पुढच्या रविवारीही, आणि तो खाली उतरतो आहे का, एवढेच पाहायचे.

तुझा धाकटा,
मास्तर