गेटवरचा पापुद्रा

बाबा, गेल्या आठवड्यात आपल्या गिरीज गावातल्या घरातला इन्व्हर्टर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने आतून तीन पायांचा ट्रान्झिस्टर काढला, मीटर लावला आणि म्हणाला, "मॉस्फेट गेला, मॅडम. गेट पंक्चर." मी तो मागून घेतला आणि तेव्हापासून वाचते आहे. तुम्ही सांगायचात, वाडीच्या पाटात फळी घातली की पाणी थांबतं, तसा हा गेट. उदाहरण थोडं चुकत होतं, बाबा. या जातीत पाट आधी नसतोच. गेटवर व्होल्टेज आलं की खालच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन ओढले जातात, त्यांचाच पाट होतो आणि सोर्स या पायापासून ड्रेन या पायापर्यंत प्रवाहाला वाट मिळते. गेट मात्र प्रवाहाला शिवतही नाही. मध्ये काचेसारख्या ऑक्साइडचा पापुद्रा असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ. न शिवता एवढा प्रवाह कसा हलवतो, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या पापुद्र्यासाठीच तुम्ही मॉस्फेटचे पाय सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदात गुंडाळून ठेवायचात, आणि मी तुमच्या दुरुस्तीच्या टेबलाशी येण्याआधी मला पंपाच्या लोखंडी नळाला हात लावायला पाठवायचात.

"नळ काय देव आहे?"

"देव नाही गं बाय, पण अंगातलं पाप ओढून घेतो."

लहानपणीचा तो सणाचा आदला दिवस. चर्चचा अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर उघडा आहे, तुम्ही चहाला आत गेला आहात. कोरडी थंडी, माझ्या अंगात नायलॉनचा स्वेटर. मी नळाकडे न जाताच नव्या मॉस्फेटचा कागद सोडते, तिन्ही पाय बोटांनी चाचपते, पुन्हा गुंडाळते. तुम्ही तोच बसवलात, संध्याकाळी चाललाही. दुसऱ्या दिवशी मिस्सेची प्रार्थना चालू असताना मधेच स्पीकरचा आवाज गेला. मंडपात कोणीतरी म्हणालं, "रेडिओवाल्याचाच घसा बसला!" तुम्ही फादरांना म्हणालात, "माझ्या हाताची चूक, फादर." त्यानंतर मॉस्फेटचं काम तुम्ही कधी घेतलं नाही.

अंगातल्या विजेने अर्धवट दुखावलेला पापुद्रा आधी चालतो, भार पडल्यावर फुटतो, असं आता वाचलं. माझ्यामुळेच झालं, हे सिद्ध करता येत नाही. तो नग मुळातच कच्चा असू शकतो. पण निदान ही शंका तरी मी तेव्हा तुम्हाला सांगायला हवी होती. तुमचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला आणि मी शेजारी बसून सोल्डरिंग बघत राहिले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. माराची भीती नव्हती. तुम्ही कधी मारलं नाहीत. तुमच्या शेजारची ती जागा जाईल, एवढंच वाटलं होतं.