दोन पाळकबायांचा लेंट

बोईसर,
ता. ८ एप्रिल १९८५, सोमवार

चि. शकूस,

तुझ्या ताईचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

कालचा ईस्टर झाला. पहाटेची उपासना अंगणात घेतली, गायनं बरी म्हटली लोकांनी, नंतर चहा आणि केक. तुझं पत्र ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच आलं होतं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आम्ही कायमचे येणार म्हणून मिरजेच्या घरातली मागची खोली तू चुना देऊन ठेवलीस, तुझ्या दाजींसाठी पलंग आणलास, सगळं वाचलं. दाजींनी तर ते पत्र मला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं, जसं काही मला वाचताच येत नाही.

आधी इथलं सांगते. चाळीस दिवसांच्या उपासाचा असा लेंट मी जन्मात पाहिला नाही. तुला ठाऊकच आहे, आपण प्रेस्बिटेरियन माणसं. ठराव, दुरुस्ती आणि अनुमोदन झाल्याशिवाय चर्चसाठी केरसुणीसुद्धा विकत आणत नाही. तरी घोळ झालाच. वरच्या प्रेस्बिटरी सभेनं तुझ्या दाजींना कळवलं, ईस्टरनंतर निवृत्त व्हा. आणि नव्या पाळकांना कळवलं, लेंट लागायच्या आत हजर व्हा. मग काय, भस्म-बुधवारच्या आदल्या दिवशी एकनाथ होवाळ आणि त्यांची बायको हंसा ट्रंका घेऊन टेम्पोतून उतरले, आणि आम्ही अजून घरात. पाळकघर म्हणजे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. पुढची खोली आम्हाला, मागची त्यांना, स्वयंपाकघर सामाईक.

दोघे पाळक इतके सभ्य की बघणाऱ्याला वैताग यावा. बुधवारी घरोघरी लेंटच्या प्रार्थना असतात ना, तिथं हे म्हणायचे, "होवाळ, आपण सुरुवात करा." ते म्हणायचे, "छे छे, साहेब, आपण." एकदा तर दोघांनी डोळे मिटले आणि दोघेही दुसऱ्याची वाट पाहत बसले. आम्ही सगळे माना खाली घालून गप्प. शेवटी फॅक्टरीचा भोंगा झाला आणि आमच्या चर्चच्या पंचांतले मुख्य वडील नरहरी सातपुते झोपेतून उठल्यासारखे "आमेन" म्हणाले.

लोकांचंही कठीण झालं. आजारी माणसाकडे कुणाला बोलवायचं, नामकरणाची तारीख कुणाला विचारायची? दोघांना विचारलं तर दोघे एकमेकांकडे पाठवायचे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी मंडळीची गत. दांडी गावची ठकी मासे घेऊन येते, तिनं तर तोंडावर विचारलं, "बाय, तुमचे घरात आता दोन दोन पाळक हाय, तरी येक बोंबील नाय खपत?" म्हटलं, लेंट आहे ग, आम्ही खात नाही. तर म्हणते, "तं तुमचा देव उठला का सांगा, मंग येतू."

हंसा चांगली आहे. हे मी आधीच लिहून टाकते. पंचविशीची आहे, शिकलेली आहे, गळा गोड आहे, बाजाची पेटी वाजवते. पंधरा दिवसांत महिला मंडळ तिच्याभोवती. मला कुणी विचारलं नाही असं नाही हं. सगळ्यांनी विचारलं. "बाई, शुक्रवारची गायनं हंसाबाईंनी बसवली तर चालेल ना?" "बाई, मुलांच्या झावळ्यांचं त्यांनी बघितलं तर चालेल ना?" मी दर वेळी चालेल म्हटलं. न चालून काय करते?

गुरुवारी मात्र फजिती झाली. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आपल्याकडे प्रभुभोजन असतं. इथला रिवाज असा की दुपारी मेजावर पांढरं कापड घालायचं, खाली ताट आणि प्याले झाकून ठेवायचे, आणि घंटा व्हायच्या आधी पाळकबाईनं घरची भाकर आणून गुपचूप त्या कापडाखाली सरकवायची. कापड उचलेपर्यंत कुणी बघायचं नाही. यंदा मेज हंसानं मांडलं. उपासना झाली, दोघे पाळक मेजाशी उभे राहिले, "आपण", "नाही, आपण" झालं, शेवटी दाजींनी कापड उचललं. प्याले भरलेले आणि ताट रिकामं.

तुझे दाजी ताटाकडे बघत राहिले, मग वर बघत राहिले. होवाळ लालेलाल. तेवढ्यात हंसा जागेवर उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. भाकर करायची मी विसरले. मंडळीनं क्षमा करावी."

मग मागच्या बाकावरची लाडकी उठली. ती सफाळ्याच्या आतल्या पाड्यावरची, नवरा-बायको दोघे इथं वीटभट्टीवर असतात. वाटेत खायला म्हणून फडक्यात तांदळाची भाकर बांधून आणली होती. "ही चालंल का? सकालची हाय," म्हणाली. नरहरी सातपुते चुळबुळले, की आजवर गव्हाचीच वापरली आहे. दाजींनी ती घेतली, आभार मानले आणि मोडली. मला तो तुकडा गिळवला नाही. कोरडा होता.

तर झालं ते झालं. शनिवारी चर्चच्या वडिलांची सभा भरली आणि नरहरींनी मांडलं की नवं जोडपं अजून कच्चं आहे. ज्या घरात प्रभुभोजनाची भाकर विसरतात त्यांच्या हाती मंडळी कशी द्यायची? साहेबांनी अजून एक वर्ष राहावं, आम्ही प्रेस्बिटरीला लिहितो, होवाळांनी घिवलीकडे खोली घेऊन हाताखाली शिकावं. काल ईस्टरच्या उपासनेत हे जाहीर झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजी म्हणाले, विचार करून सांगतो.

तेव्हा शकू, आमचं येणं आता होत नाही. तू खोली अडवून ठेवू नकोस, कुणी बरा भाडेकरू मिळाला तर देऊन टाक. पलंग ठेवायचा तर ठेव. मिरजेच्या सगळ्यांना सलाम सांग.

तुझी ताई,
वत्सला

संध्याकाळ.

वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं. दाजी पोस्टात टाकायला निघाले आणि मी दारातून त्यांच्या हातातलं काढून घेतलं. वरचं फाडून टाकायला हवं होतं, पण तूही बघ मी तुला काय लिहून पाठवणार होते ते.

शकू, भाकर घरात होती.

गुरुवारी सकाळी मी स्वतः केली. हंसा पालघरला गेली होती, होवाळांचे उपासनेचे झगे इस्त्रीला टाकले होते ते आणायला. सासूबाईंनी शिकवलं होतं की ही कणीक मळताना तोंडातून शब्द काढायचा नाही. तशीच केली, जाडसर, बिनमिठाची, मंद आचेवर, आणि फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात फळीवर ठेवली. दुपारी चर्चमध्ये डोकावले तर हंसा पांढरं कापड घालत होती. ते कापड सातपुतेबाईंनी मला न विचारता तिला दिलं होतं. बाकी सगळं मला विचारून नेलं, एवढं एक न विचारता.

मी परत घरी आले. साडी बदलली. डब्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता पाळकबाई ती आहे, तिनं येऊन मागावी. "मावशी, भाकर न्यायची ना?" एवढं म्हणाली असती तर मीच तिच्या हातात दिली असती. ती आली नाही. कशाला येईल बिचारी? तिला मीच आल्या आल्या सांगितलं होतं की यंदाची भाकर मी आणते. घंटा झाली आणि मी हात हलवत जाऊन बसले.

तू म्हणशील ताई, मुद्दाम केलंस. मीही चार दिवस स्वतःला तेच विचारते आहे. कापड उचलेपर्यंत मला वाटत होतं, मी आता उठेन. घर जेमतेम वीस पावलांवर. मी उठले नाही. पायच उचलेना म्हणावं तर तेही खोटं, पाय धडधाकट होते. आणि ती पोर उभी राहून माझी चूक आपल्या नावावर घेत होती, तेव्हा मला बरं वाटलं, शकू. क्षणभर फार बरं वाटलं.

पुढचं ऐक. शुक्रवारी सकाळी फळीवर बघते तर डबा घासून पालथा घातलेला. भाकर नाही. दिवसभर क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना चालली, सात जण बोलले, मला एक अक्षर आठवत नाही. संध्याकाळी उपास सोडायला बसलो. दोघे पाळक आजाऱ्याकडे गेले होते. हंसानं माझ्या ताटात ती भाकर वाढली, दुधात कुस्करून, वर थोडी साखर. म्हणाली, "मावशी, काल दुपारीच डब्यात दिसली होती. टाकवेना. आपण दोघी खाऊन टाकू." आणि आपल्या वाटीत घेऊन माझ्यासमोर बसून खाल्ली. मीही खाल्ली.

तिनं गुरुवारी दुपारीच डबा उघडून पाहिला होता. म्हणजे उभी राहिली तेव्हा तिला ठाऊक होतं भाकर कुठं आहे ते. मग ती असं का वागली? माझी कीव आली? म्हातारीला लोकांपुढे उघडं पाडायचं नाही म्हणून? की मला जन्मभराचं मिंधं करून ठेवायचं म्हणून? की खरंच इतकी चांगली माणसं असतात, आणि इतकी वर्षं पाळकबाई राहून मला ती ओळखता येत नाहीत? मला काही म्हणजे काही उमगत नाही. रोज ती चहा देते, मी पिते. रोज वाटतं, ही आता बोलेल. बोलत नाही.

काल लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तीही वाजवत होती.

तेव्हा आज दुपारी पाकीट हिसकावल्यावर दाजींना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील, निदान दुखावतील. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "गुरुवारी सकाळी तू कणीक मळत होतीस. मी चहा मागितला तर बोलली नाहीस. तेव्हाच मला कळलं भाकर होते आहे."

म्हटलं, मग ताट रिकामं दिसल्यावर बोलला का नाहीत?

"तू उठशील म्हणून थांबलो होतो," म्हणाले.

शकू, ते ताटाकडे नव्हते बघत. माझ्याकडे बघत होते.

मी तशीच चपला घालून नरहरी सातपुत्यांकडे गेले. बैठकीत नवरा-बायको दोघे होते. उभ्या उभ्या सांगितलं, भाकर मी केली होती आणि मीच आणली नाही, हंसाची काही चूक नाही, ठराव मागे घ्या. नरहरी ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी माणसं आता कुठं मिळायची. त्या पोरीला सावरायला स्वतःच्या अंगावर घेताय." मी म्हटलं, अहो खरं सांगते. तर सातपुतेबाई माझा हात धरून म्हणतात, "बस्स, बाई, कळलं आम्हाला." मी चिडले, आवाज चढला, तर ते दोघे आणखीच गहिवरले. दाखवायला माझ्याजवळ भाकर नाही, ती आम्ही दोघींनी खाल्ली. शेवटी त्यांनी मला सरबत पाजून रस्त्यापर्यंत पोचवलं. आज रात्रीपर्यंत सगळ्या मंडळीत होईल की बाईंचं मन केवढं मोठं.

रडू की हसू कळत नव्हतं. घरी आले तर दाजी पुस्तकं ट्रंकेत भरत होते. म्हणाले, "तुझं कुणी मानणार नाही. आपण गेलो म्हणजे मात्र हे घर, ही मंडळी तिचीच होईल. दुसरा उपाय नाही." वडिलांना चिठ्ठी लिहून झाली होती, की प्रकृती साथ देत नाही, राहता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटं लिहिलं, आणि तेही माझ्यापायी.

तेव्हा खोली ठेव, शकू. येत्या रविवारी निरोपाचा कार्यक्रम होईल, नंतर तीन-चार दिवसांत आम्ही निघू. त्या दिवशी मला खुर्चीवर बसवतील, हार घालतील, लाडकीपासून सातपुत्यांपर्यंत एकेक जण उठून माझ्या मोठ्या मनाबद्दल बोलेल, आणि मला ते बसून ऐकावं लागेल. जुनी माणसं म्हणायची, देवाच्या काठीला आवाज नसतो. माझ्या वेळी टाळ्यांचा असेल.

हे सगळं वाचून तुझ्या घरात मला घ्यावंसं वाटलं नाही तर तसं स्पष्ट लिही. मी समजेन, दाजींना काही सांगणार नाही.

हंसा आत कांदा चिरते आहे. आज ठकी आली होती, बोंबील घेतलेत. मी आता उठते आणि हंसाजवळ जाऊन बसते. चार दिवस तिच्याशी मीठ-मिरचीपलीकडे बोलले नाही. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, पण माफी मागायची आहे एवढं ठरलं आहे. या गावात तेवढी एकच आहे जिला माझं खरं पटवून द्यावं लागणार नाही.

तुझ्या दारी येऊ घातलेली, कुणाचीच पाळकबाई नसलेली,
तुझी ताई
वत्सला