हाताला सांगून केलेली भाकर

माय, तुझ्या हातांना जसं काही कळायचं नाही, तसं आता माझ्या हातांना कळत नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांची झाले, तू गेलीस तेव्हा होतीस त्याच्या दुपटीहून मोठी, आणि अजून तुझ्याकडूनच शिकते आहे. झालं असं, की दोन वर्षांपूर्वी माझ्या आतड्यात गाठ निघाली. नागपूरच्या दवाखान्यात ती काढली, मग कितीतरी महिने शिरेतून औषध दिलं. त्याला किमो म्हणतात. केस जातील, ओकाऱ्या होतील, तोंडाची चव जाईल, असं मला बजावलं होतं. मी हौसेनं दोन टोप्या विणून ठेवल्या. केस गेलेच नाहीत! टोप्या नातवंडांनी पळवल्या. गेली ती बोटांची शुद्ध. ते कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलंही असेल, मी केसांच्या काळजीत ऐकलं नसेल. आधी थंड पाण्यात हात घातला की सुया टोचायच्या. औषध संपल्यावर त्याही टोचेनाशा झाल्या. आता ब्लाऊजचं हूक बोटात आहे की सुटलं, ते आरशात बघावं लागतं. डॉक्टर म्हणाले, काही परत येईल, काही येणार नाही, शिवाय वयही आहे. वयाचं एक बरं असतं, कशाचंही खापर त्याच्यावर फोडता येतं.

एका सकाळी मी दुधाचं भांडं उतरवलं आणि काहीतरी करपल्याचा वास आला. पाहते तर माझाच अंगठा. दुखलं काहीच नाही, म्हणून मी हसून फोनवर मुलाला सांगितलं, आणि तिथंच फसले. दुसऱ्या दिवशी तो इथं मूल गावी माझ्या दारात हजर. "आई, आता गॅस बंद. सामान बांध, नागपूरले चाल." त्याचं घर चांगलं आहे, सून गुणी आहे, पण तिथं चहासुद्धा कोणी आणून देईल तेव्हा प्यायचा. इथं माझी ओसरी आहे, शेजारणी आहेत, शाळेत मी शिकवलेली पोरं आता टक्कल घेऊन बाजारात नमस्कार करतात. मी त्याच्याकडे महिना मागून घेतला. म्हटलं, महिन्यानं ये, तुझ्यासमोर स्वयंपाक करून दाखवते. जमला नाही तर मीच पिशवी घेऊन गाडीत बसते. तो गेला आणि मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले. खरं सांगते, घाबरले होते. मग एकदम तुझा आवाज आठवला.

कुरखेड्याकडचं आपलं घर. राज्य बदललं, आता आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो, असं गुरुजी वर्गात सांगत होते ते वर्ष. तुझा महारोग गोळ्यांनी बरा झालेला आहे, पण हातांची गेलेली समज काही परत आलेली नाही. तू चुलीपुढे बसली आहेस आणि सारखी बोलते आहेस. "आता मी तवा धरून राह्यली. फडकं घेतलं का? घेतलं. धर मंग." भाकरीची उकड मळण्याआधी तू तिला कोपर टेकवतेस, कारण कोपराला अजून कळतं. भाकर उलटायला उलथणं, बोट कधीच नाही, आणि नजर हातावरून हलवायची नाही, दारात कोणी येवो. दारात एकदा शेजारची काकू आली. ती आपल्याकडचं पाणी प्यायची नाही, गोष्टी मात्र सगळ्या हव्या असायच्या. म्हणाली, "काऊन वो बाई, भांड्यासंग बोलून राह्यली?" तू मान वर न करता म्हणालीस, "भांड्यासंग नाई, हातासंग. त्याले सांगितल्याबिगर समजत नाई." आणि स्वतःच इतकी हसलीस की काकूलाही हसावं लागलं.

जेवणं झाली की तू अंगणात उजेडाला दोन्ही पंजे माझ्यापुढे पसरायचीस. "पाह्य वो पोरी, कुठी जळलं, कुठी कापलं?" मी तपासायची. जखम सापडली की मला गुळाचा खडा. आता गूळ म्हटल्यावर मला रोज जखमा सापडू लागल्या! एकदा तर मी राखेचा डाग दाखवून खडा मिळवला. तू डाग पुसलास, माझा कान धरलास आणि म्हणालीस, "माह्या दुखण्यावर गोड खातं का?" मी रडले. दुसऱ्या दिवसापासून तू कायदाच फिरवलास. हात साफ निघाले तर दोघींना गूळ, जखम निघाली तर दोघींना नाही. त्यानंतर मी इतकी दक्ष झाले की तुझ्यापुढून जळतं लाकूडसुद्धा ओढून घ्यायची. त्या पावसाळ्यात आपण किती गूळ खाल्ला, माय!

हे सगळं मी माझ्या घरात कधी बोलले नाही. लग्नात बाबांनी बजावलं होतं, "मायच्या हाताचं सासरी काहाडू नको. ते लोक तुले ठेवणार नाईत." त्यांनी स्वतः तुला कधी अंतर दिलं नाही, भावकीनं वेगळं काढलं तरी नाही, पण माझ्यासाठी ते भ्याले. मी गप्प राहिले. पुढे सासू-सासरे गेले, नवरा गेला, भीतीचं कारण उरलं नाही, गप्प राहण्याची सवय मात्र उरली. मुलाला एवढंच माहीत, की त्याची आजी तापानं गेली.

तर महिनाभर मी तुझ्या शाळेत बसले. सगळ्या भांड्यांना लाकडी मुठी लावून घेतल्या, विळी शेजारणीला देऊन टाकली आणि दिवसभर बडबडत राहिले. पहिल्या भाकरी अशा झाल्या की कुत्र्यानं हुंगून पाठ फिरवली. दोन कप फुटले. मग बोटांऐवजी डोळ्यांनी थापायला जमू लागलं, आणि एक दिवस तव्यावर भाकर अशी टम्म फुगली की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. टाळीही हाताला कळली नाही, कानाला कळली.

ठरल्या दिवशी मुलगा आला, हाताची घडी घालून ओट्याशी उभा राहिला. मी सुरू झाले. "सांडशी घेतली. भांडं धरून राह्यली. ज्योत बारीक केली." तो दचकला. "आई, कोणाशी बोलून राह्यली?" "हाताशी. तू मधात बोलू नको." आधी त्याला वाटलं, औषधानं डोकंही गेलं. पण पहिली भाकर फुगली, दुसरी फुगली, आणि चौथी ताटात पडेपर्यंत तो पाट घेऊन बसला होता. जेवून झाल्यावर माझे दोन्ही हात त्यानं उलटसुलट करून पाहिले. एक ओरखडा नाही. "राहू दे तुझा गॅस," म्हणाला. मला इतका आनंद झाला, की त्याला तिथंच पोरासारखं जवळ घेतलं.

मग त्यानं विचारलं, "हे तुले शिकवलं कोणं?" मी पटकन म्हणाले, "दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं."

काल त्याचा फोन आला. तो पुढच्या आठवड्यात त्या दवाखान्यात जाणार आहे. म्हणाला, "त्या बाईचं नाव सांग ना आई, पाया पडून येतो तिच्या." तुझं नाव ओठांवर आलं होतं, माय. आणि मी म्हणाले, आठवत नाही.