मेहुण्याच्या खिशातलं माझं भाषण

४ मार्च
आजपासून रोजनिशी. युद्ध चालू असताना सेनापतीने लिहून ठेवलेलं बरं. काल नदीतलं सोनं काढणाऱ्या सोनेवाल्यांनी पुन्हा गोळ्या झाडल्या. गावच्या प्रमुख, अपू देल्मिराबाईंच्या होडीला दोन भोकं पडली. सोनेवाल्यांचा तराफा वरच्या वळणावर उभा आहे, दिवसरात्र कानूस नदीचा तळ खरवडतोय आणि पारा सोडतोय. गावाचं म्हणणं, भाले घासा. माझं म्हणणं, ॲप बनवा. इकितोस शहरात कोर्स करून आलेला गावात मी एकटाच. फोन आणि सोलर पॅनलही मीच आणलंय.

५ मार्च
सभेत ॲप समजावून दिलं. सर्व्हर नाही, मालक नाही, इंटरनेट लागत नाही. प्रत्येक फोनमध्ये सगळं असतं. दोन फोन जवळ आले की एकमेकांना नवी बातमी देतात. होडीशेजारून होडी गेली तरी पुरे. तराफा कुठे, बंदुका किती, पहाऱ्याला कोण, सगळ्या गावाला कळणार. ॲप सगळ्या गावाचं.
देल्मिराबाई म्हणाल्या, सगळ्यांचं आहे तर मघापासून तू एकटाच का बोलतोयस? बाई अपू म्हणून चांगल्या आहेत, टेक्निकल बाजू कच्ची.

८ मार्च, पहाटे
लोकांच्या हातात फोन देऊन चाचणी. वेळ चुकली. पहाटे वायूसचा काढा पिऊन सगळे पोट साफ करायला ओळीने ओकत होते. वायूसने माणूस शूर होतो म्हणतात, पण फोन धरायला एकही शूर पुढे आला नाही.
शेवटी मीच ॲप दाखवत फिरलो. शत्रूचं चिन्ह म्हणून त्यात मी होडी काढली होती. ती आपल्याच होडीसारखी दिसते म्हणून एका चुलतभावाने माझ्या कानाखाली काढली. मीही लाथ घातली. तो सरकला, लाथ मसातो दारूच्या हंड्याला बसली. हंडा फुटला. मग त्याची बायकोही मारायला आली. अंगठा सुजलाय. चिन्ह बदलणार नाही.

१२ मार्च
अर्ध्या गावाला वाचता येत नाही, सासऱ्यांना तर दिसतही नाही. म्हणून ॲप बोलणार. कोणाला बटण दाबायला नको, बातमी आली की फोन आपोआप बोलेल. आवाज अर्थात माझा.
इशारा म्हणजे घरी आलेला पाहुणाच. आपल्याकडे पाहुणा असा-तसा घरात शिरत नाही. दाराशी उभा राहतो, भाला आपटतो, बापाआजांची नावं सांगतो, मग कामाचं बोलतो. तसंच रेकॉर्ड केलं. "मी रुमाल्दो, तिवीचा मुलगा, उंकुचचा नातू, कानूसच्या लेकरांनो, कान उघडा." असे पाच आजे-पणजे झाले की बातमी. खणखणीत झालंय.
सासरे वाचापा शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "जावईबापू, आवाज झकास. पण तुमचे पणजे संपेपर्यंत सोनेवाले माझ्या चुलीवर मासे भाजायला बसतील."
म्हातारपणी माणूस उतावळा होतो. माझ्या बायकोने, इपाकने विचारलं, झाडीत लपलेल्याच्या खिशात हे बोंबललं तर? आवाज कमी करायचं बटण मी मुद्दाम बंद केलंय. लोक आवाज कमी करतात आणि मग ऐकू आलं नाही म्हणून माझ्याच नावाने खडे फोडतात. पण बायकोचा मान राखायला गुप्त पहाऱ्यासाठी वेगळी सोय करतो. शनिवारी नक्की.

१५ मार्च, शनिवार
सोनेवाल्यांनी पॅनलवर गोळी झाडली. माझ्या पॅनलवर. कोपरा फुटला. तळपायाची आग मस्तकात गेली. कुऱ्हाड घेतली आणि एकेकाची खांडोळी करायला निघालो. किनाऱ्यापर्यंत गेलो. होडी नव्हती. होत्या, पण दुसऱ्यांच्या. परत आलो आणि अंगणातल्या केळीचा खुंट तोडून टाकला. इपाक म्हणाली, उद्या तिला घड आला असता.
गुप्त पहाऱ्याचं काम या गडबडीत राहिलं. पुढच्या शनिवारी.

१९ मार्च
इपाकचा भाऊ चुंपी उद्या तराफ्यासमोरच्या झाडीत बसणार. किती माणसं, किती बंदुका, डिझेल कुठे ठेवतात, हे बघायचं. त्यावर सगळा हल्ला ठरणार. फोन देताना त्याने विचारलं, "दाजी, हा गप्प बसतो ना?"
मी म्हटलं, तुझ्यापेक्षा शहाणा आहे.
"घरी ठेवून जाऊ का? मला डोळे आहेत, मोजता येतं."
ऐकून वाईट वाटलं. घरचाच माणूस असा वागला तर गावाचं ॲप उभं कसं राहायचं? तसं त्याला बोलूनही दाखवलं. बिचाऱ्याने गुपचूप खिशात टाकला.

२० मार्च, दुपार
लिहिताना दोनदा पान फाडलं. रागाने असणार.
देल्मिराबाईंची होडी सकाळी वरून परत येताना चुंपीच्या झाडीखालून गेली. दोन्ही फोन भेटले. सिंक निर्दोष झालं, हे आधी नोंदवतो. मग चुंपीच्या खिशातून मी बोलू लागलो. आजे-पणजे सगळे. तराफ्याचं इंजिन बंद होतं, त्यामुळे नदीभर ऐकू गेलं. आणि बातमी काय, तर ॲपला पंधरवडा झाल्याबद्दल मी गावाचं केलेलं अभिनंदन.
तराफ्यावरचे पाच जण झाडीत घुसले. बाईंनी डोळ्यांनी बघितलं. बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या तोंडावर मारलं, पडल्यावर लाथा घातल्या, केसांना धरून तराफ्यावर ओढत नेलं. बाईंवरही गोळ्या झाडल्या, त्या होडीत आडव्या पडून वाहत आल्या.
अभिनंदन बाईंच्या फोनवर बाईंनीच घेतलं होतं, त्यामुळे जबाबदारी विभागली जाते.

२० मार्च, संध्याकाळ
सगळं गाव निघालंय. भाले, शिकारीच्या बंदुका, कोयते, वल्ही. सासरेही होडीत जाऊन बसले. दिसत नाही तर काय करणार, असं कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, "हाताला लागेल तो आपला नसला म्हणजे झालं."
मुख्यालयात कोणीतरी हवं, म्हणून मी थांबलो. लॅपटॉप एकटा टाकता येत नाही. इपाक कोयत्याला धार लावत होती. मी तिला योजना सांगत होतो. योजना संपायच्या आत ती कोयता घेऊन होडीत जाऊन बसली.

२१ मार्च
परत आले. चुंपी जिवंत आहे.
तराफा जळाला, धूर इथून दिसतोय. सोनेवाल्यांतल्या एकाच्या मांडीतून भाला आरपार गेला, एकाचा जबडा मोडला, बाकीच्यांनी नदीत उड्या टाकल्या. इपाकने एका बंदूकवाल्याला वल्ह्याने बडवलं. वल्हं मोडलं, मग उरलेल्या दांड्याने बडवलं. सासऱ्यांनी आपल्याच एका माणसाचा गळा धरला होता, तो खोकल्यावर सोडला.
चुंपीचा डावा डोळा गेला. हात दोन ठिकाणी मोडलाय. त्याला इंजिनाच्या खांबाला बांधलं होतं. फोन त्याच्या गळ्यात अडकवून माझं भाषण पुन्हा पुन्हा लावत होते. माझ्या प्रत्येक आजोबाच्या नावाला एक फटका.
हे मला इपाकने सांगितलं. सांगून झाल्यावर आपली चटई उचलून बापाच्या घरी गेली. जेवलो नाही. घरात जेवण नव्हतंच, पण असतं तरी जेवलो नसतो.

२३ मार्च
सभा. माझा अहवाल तयार होता, 'अनुभव आणि पुढील दिशा'. वाचायला उभा राहिलो तर देल्मिराबाई म्हणाल्या, बस. मग म्हणाल्या, नको, उभाच राहा, आणि शर्ट काढ.
शिक्षा खाजकुयलीच्या फटक्यांची. रिवाजाप्रमाणे जवळच्याने मारायचे. इपाक पुढे आली. हातात ताजी जुडी, फडक्यात धरलेली.
देल्मिराबाईंनी आधी चुंपीला विचारलं, तुझं काय म्हणणं? तोंड सुजल्यामुळे तो हळूहळू बोलला. "दाजींचे सगळे पणजे मला पाठ झालेत. त्यांच्या घरच्यांनासुद्धा एवढे पाठ नसतील." लोक हसले. तोही हसला, आणि लगेच जबडा धरून खाली बसला. मला त्याच्याकडे बघवेना. मीच म्हटलं, मारा. लाज वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही.
पाठ, पोटऱ्या, मान. इपाकने एकही जागा सोडली नाही. मी तिसऱ्या फटक्यालाच ओरडलो. भाषणातला आवाज निघाला नाही.
ॲप बंद करा, असं मात्र कोणी म्हणालं नाही. आवाज कमी करायचं बटण परत आणायचं, पहाऱ्याच्या फोनने फक्त थरथरायचं, आणि माझा आवाज पुसून इपाकचा घालायचा, असं ठरलं. कारण ती कमी बोलते. मी म्हटलं, माझ्या परवानगीशिवाय असं करता येत नाही. सासऱ्यांनी विचारलं, "मालक आहे का कोणी त्याला?" ॲपची रचनाच तशी आहे. माझीच.

३० मार्च
फोड अजून बसलेले नाहीत. पाठ टेकता येत नाही, पालथा पडून लिहितोय. आठवडाभर इपाक माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.
सकाळी एक होडी किनाऱ्याला लागली आणि माझा फोन बोलला. तिचा आवाज. "वरच्या वळणावर कोणी नाही. पाणी स्वच्छ होतंय. निजा." सगळ्या गावाला सांगत होती. बटण दाबून दिवसभर तेवढंच ऐकलं.
नवं काही ऐकायचं तर दुसरा फोन जवळ यावा लागतो. माझ्याजवळ सध्या कोणी येत नाही.