हागोपची भाषा आणि माझं गाऱ्हाणं

तीर्थस्वरूप बाळादादा यांस,
जयगडाहून शिवाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माझा गुडघा आणि सगुणेचा स्वभाव दोन्ही होते तसेच आहेत. तुझी साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो (आंबे सुरू झालेत, म्हणून नुसतीच आशा). चि. विनीतला व सूनबाईंना आशीर्वाद. नात संस्कृती तुझ्या गावाकडच्या बोलण्याला हसते, म्हणून हल्ली घरात कमीच बोलतोस, असं मागे म्हणाला होतास. ते मनात राहिलंय. फोन करणार होतो, पण फोनवर तू दोनदा ‘हां हां’ म्हणून ठेवून देतोस आणि मला जे सांगायचं आहे ते ‘हां हां’मध्ये मावणारं नाही.

विनंती विशेष, आमची दीपाली येरेवानला डॉक्टरकी शिकायला गेली हे तुला ठाऊक आहेच. तिथे तिने डॉक्टरकीबरोबर तिग्रान नावाचा मुलगाही पसंत केला. मुलगा सरळ आहे, सोलकढी तीन वाट्या प्याला. त्याचे वडील नाहीत, सगळं आईच्या हातात. ती आनूशबाई आमचं घर बघून मगच होय-नाही सांगणार, असं ठरलं आणि गेल्या महिन्यात मायलेक आमच्याकडे येऊन राहिले. दीपाली दुभाषी म्हणून होतीच. पण मी म्हटलं, दुभाषी कशाला? आर्मेनियन मला येतं! आपल्या बोटीवरच्या इंजिनियर हागोपने माझ्या डोक्यात इतकी वर्षं ओतलेलं आर्मेनियन वापरायला मिळेल, असं कोणाला वाटलं होतं? सगुणेला मी आधीच सांगून ठेवलं होतं की विहीणबाईंशी काय ते मी बोलेन, तू फक्त मोदक कर.

पहिलाच नमस्कार चुकला. मी अंगणात उभा राहून ‘पारेव’ म्हटलं. दीपाली माझ्या कानाशी, “बाबा, बारेव.” मी पाणी पुढे करून ‘चूर’ म्हटलं, तर “बाबा, जूर.” सकाळी अंड्याला ‘हावगीत’ म्हटलं (आठवतं ना, हागोप कसा ओरडायचा तुझ्या नावाने?), तर त्यांच्याकडे अंडं म्हणजे ‘झू’. हागोपचं नाव काढलं, तर आनूशबाई हसून म्हणाल्या, हाकोब! आता माणूस माझा, बारा बंदरं मी त्याच्याबरोबर पालथी घातली, आणि नाव त्या मला शिकवणार. शेवटी दीपालीने समजावलं की आर्मेनियन दोन आहेत, पूर्वेचं आणि पश्चिमेचं. हागोप बैरूतचा, म्हणून त्याचं पश्चिमेचं. येरेवानला ते चालत नाही.

दादा, तुला आठवतं, हागोप छाती ठोकून सांगायचा की शुद्ध आर्मेनियन ते आमचंच, येरेवानवाल्यांची भाषा रशियाने नासवली? आणि हे सांगताना निम्मे शब्द तुर्की, चिडला की अरबी. इकडे आनूशबाईंचंही तेच, आमचीच शुद्ध, आणि गाडीला म्हणणार रशियन ‘माशिना’! मी मनात हसलो. मग आठवलं की आपण दोघं डेकवर कोणाची मराठी खरी, तुमची खेडकडची की आमची जयगडकडची, यावरून दोन दिवस अबोला धरून बसलो होतो, आणि भांडताना तोंडात बटाटा, पाव, चावी, पगार, सगळं पोर्तुगीजांचं. पुण्याच्या कॅप्टनला तर आपण दोघं सारखेच वाटायचो. हजाराला मात्र हागोपही हजार म्हणायचा, आनूशबाईही हजारच म्हणतात आणि आपणही. माझा तेवढा एक शब्द सगळ्यांना बिनचूक कळला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. बोलणी करायच्या दिवशी देवासमोर नारळ ठेवला. घरातला थोरला म्हणून गाऱ्हाणं मी घालणार. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, म्हटलं पाहुण्यांना कळेल असं हागोपच्या भाषेत घालू. आता तू भटारखान्यातला, हागोपला कॉफी नेऊन देणारा माणूस, तुझ्यापाशी तो आईच्या, जेवणाच्या, घरच्या गोष्टी करायचा. मी राहिलो खाली इंजिनात. माझ्याकडे शब्द कसले? झडप, तेल, गळती, बंद कर, चालू कर. म्हणून मी देवाला म्हणालो, बा देवा महाराजा, या पोरांचं इंजिन मधेच बंद पाडू नको. तेल कमी पडू देऊ नको. कुठे गळती लागली तर वेळेवर दाखव. वाफ फार चढली तर झडप उघड. प्रत्येक वाक्याला सगळी भावकी एका सुरात “व्हय म्हाराजा!” (एक अक्षर न कळता. आपल्या लोकांचा देवावर विश्वास दांडगा.) शेवटी पोरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि हागोप इंजिनात कोणी पोळला, भाजला की म्हणायचा तेच तोंडातून आलं. ‘यावरूम.’ माझ्या लेकरा.

आनूशबाई रडायला लागल्या. डोळे टिपून गप्प बसणं नव्हे, हुंदके देऊन. उठल्या आणि थेट मागीलदारी फणसाखाली जाऊन उभ्या राहिल्या. सगुणा माझ्याकडे बघून म्हणाली, “काय बोल्लाव वो तिला? गाऱ्हानं घालाया सांगितलंतं, बायला रडवाया नाय!” दीपालीचा चेहरा पडला होता. ती हळूच म्हणाली, “बाबा, आता काही बोलू नका. प्लीज.”

दादा, मी गप्प झालो. ‘यावरूम’ तुर्की शब्द आहे एवढं मला ठाऊक होतं, आणि तुर्कांनी आर्मेनियन लोकांची कत्तल केली तो विषय निघाला की हागोपचं काय व्हायचं हेही आपण पाहिलं होतं. वाटलं, शुभवेळी त्या बाईच्या जखमेवर मीठ चोळलं, पोरीचं लग्न मोडलं. राहिलेले दिवस मी तोंडाला कुलूप लावलं. पाहुण्यांना आरे-वारेच्या किनाऱ्यावर नेलं, तिथेही समुद्राकडे बघत बसलो. घरी बाई मुद्दाम माझ्या बाकावर येऊन बसायच्या, काहीतरी म्हणायच्या, थांबायच्या. मी नुसता मान हलवायचो. जाताना, दीपाली सामान लावत असताना, गाडीत बसण्याआधी बाई परत फिरून आल्या, माझा हात धरून काही विचारलं. मी हात जोडले. होय-नाही काहीच न सांगता त्या गेल्या.

परवा दीपालीचा फोन आला. आनूशबाई तिकडे पोचल्यावर तिच्यापाशी मोकळ्या झाल्या. होकार आहे. होकार म्हणे तेव्हाच ठरला होता, सोलकढीच्या वेळीच. रडण्याचं कारण निराळं. आनूशबाईंची आजी बैरूतहून येरेवानला आली होती. ती हागोपसारखंच बोलायची, पारेव, चूर, हावगीत, सगळं. पोरं रस्त्यात तिची नक्कल करायची. आनूशबाई तेव्हा लहान. त्यांना लाज वाटायची. एकदा बसमध्ये त्या आजीला म्हणाल्या, आजी, लोकांत बोलू नकोस ना. आजी पुढे बाहेर कधी बोललीच नाही. नंतर घरातही कमीच. ती गेल्यावर ‘यावरूम’ त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, ते थेट जयगडात ऐकलं. बाकावर येऊन बसायच्या त्या मी आणखी बोलावं म्हणून. गाडीपाशी विचारलं तेही हेच, की बोलायचे का थांबलात?

आणि मी हात जोडले! माणूस इतक्या लांब येऊन दाराशी उभा राहतो आणि आपण आतून कडी घालतो. लग्न जमलं याचा आनंद आहेच, पण घास काही गोड लागत नाही. असो. लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

तुझा,
शिवा

ता.क. : येत्या रविवारी दुपारी आनूशबाई व्हिडिओवर बोलणार आहेत. मी इंजिन आणि तेल यापलीकडे काय बोलणार? आजीची भाषा चुलीपाशीची, आणि ती हागोपने तुला दिली आहे. पत्र लिहिलं ते यासाठीच. शनिवारच्या एसटीने ये. तुझं विसरलं असेल असं सांगू नकोस, कॉफी उकळताना तू अजून काय पुटपुटतोस ते विनीतने मला सांगितलंय.

ता.क. २ : हागोप इंजिन बंद पडल्यावर जे म्हणायचा, ते मात्र रविवारी नको. दीपालीलाही कळतं.

ता.क. ३ : संस्कृतीला बरोबर आण. तिला म्हणावं, आजोबांशी बोलायला एक बाई परदेशातून वाट बघत बसल्या आहेत. आणि इथे आल्यावर सकाळी हवं तेवढं ‘हावगीत’ म्हणून ओरड. कोंबड्या घरच्या आहेत.