पुढच्या वर्षीचं मॉडेल

प्रिय भूमिका,

गाडी घेतली. हो, खरंच घेतली. तुझ्या आईचे चार घरी पेढे वाटूनही झाले.

तू बारावीत होतीस तेव्हा आपण वर्धा रोडच्या शोरूममध्ये पहिल्यांदा ही छोटी गाडी पाहिली. डिझेल घेणार होतो, पण पुढच्या वर्षी दोन एअरबॅग येणार होत्या. त्या आल्या, तर मोठा स्क्रीन यायचा होता. मग डिझेल इंजिनच बंद झालं. सीएनजी आलं, तर डिकीत सिलिंडर, सामानाला जागाच नाही. त्यानंतर तीन सिलिंडरचं नवं इंजिन आलं, मायलेज झकास. पण म्हटलं, लोकांना एक वर्ष चालवू दे. बुटीबोरीच्या मिलमध्ये तीस वर्षं सूत तपासलं, दोष काढायची सवय अंगात मुरलेली. दरवर्षी नवं माहितीपत्रक आणायचं, जुन्याशेजारी ठेवायचं आणि लाल पेनने फरक लिहायचा. "काहून जी, तुमी गाडी घेऊन राहिले का गाडीची परीक्षा घेऊन राहिले?" असं आई म्हणायची. शोरूममधला पियुष सेल्समनचा मॅनेजर झाला, मी काही गिऱ्हाईक झालो नाही.

तुझ्या आणि हर्षितच्या लग्नाच्या बाबतीतही मी तेच केलं. आधी म्हटलं, त्याची नोकरी कायम होऊ दे. मग मनीषनगरचा फ्लॅट ताब्यात येऊ दे. मग त्याच्या बहिणीचं होऊ दे. पोरात खोट नव्हती गं. मला त्याच्या घरची भीती होती. ते उमरेडचे, विणकर समाजाचे, आपण बौद्ध. त्यांच्या दारात नकार ऐकावा लागला तर, या विचाराने पाय उचलत नव्हता. हे तुला सांगायचीही लाज वाटली. मागच्या उन्हाळ्यात तू म्हणालीस, बाबा, मी आता नाही विचारणार. मला वाटलं, पोरगी समजूतदार झाली. तेव्हापासून तू नागपूरला आली नाहीस, आणि फोनवर फक्त माझ्या बीपीची चौकशी करतेस.

गेल्या आठवड्यात पियुष म्हणाला, "काका, जानेवारीपर्यंत थांबा, नवं इंजिन येऊन राहिलं." मला आधी हसू आलं, मग तिथेच रडू फुटलं. बिचाऱ्याने पाणी आणून दिलं. मी म्हटलं, समोर उभी आहे तीच दे.

काल मी आणि तुझी आई उमरेडला गेलो, तुला न विचारता. हवं तर रागाव. हर्षितच्या वडिलांनी, नत्थूजींनी, हात धरून आत नेलं. म्हणाले, "लय उशीर केला जी. आमीच येणार होतो, पण तुमाले चालते का नाही, याचंच भेव वाटे." त्याच्या आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. सगळं ठरल्यासारखंच झालं होतं. तेवढ्यात तिने सहज विचारलं, "पोरगी काय म्हणते?" तेव्हा लक्षात आलं, वर्षभरात मी तुला ते विचारलंच नव्हतं. म्हणून हे पत्र, फोनवर माझा आवाज टिकला नसता. भूमिका, तुझ्या मनात हर्षित अजून आहे का? असेल तर कळव, मी पुन्हा उमरेडला जातो. नसेल तर चूक सगळी माझी, आणि तरीही तू घरी ये.

तुझाच,
बाबा