भूक लागायच्या आधी

माय, जळगावातले चांगले नोकरदार लोक हौसेनं सायकलवर धुळ्याला जातात आणि त्याच दिवशी परत येतात, हे तू असतीस तर तुला पटलं नसतं. तुझे जावईही त्यातलेच. चाळिशी उलटल्यावर त्यांना हा नाद लागला. ते जातात आणि मी बांधून देते. दशम्या तुझ्यासारख्याच, दुधात भिजवलेल्या, पण तळहाताएवढ्या, कारण चालत्या सायकलवर एका हाताने खाता आल्या पाहिजेत. उकडलेले छोटे बटाटे मीठ-जिरं लावून. केळी देठाशी हिरवट असलेली, नाहीतर एरंडोल यायच्या आत पिशवीत चिखल होतो. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, मीठ, साखर. कोणाला दाण्याची चिक्की बाधते, कोणाला उन्हात गोड नको होतं, त्यांच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचं मला पाठ झालं आहे. सासूबाईंची एक बाजू गेल्यापासून मी पतपेढीतली नोकरी सोडली आहे. पिशवी हातात देते, खिडकीशी उभी राहते, कॉलनीच्या कोपऱ्यावर सायकल वळते, आणि मग सासूबाईंना कूस बदलून द्यायची वेळ झालेली असते.

मागच्या महिन्यात हे अचानक म्हणाले, "या वेळी तू जा. आईजवळ मी थांबतो." सायकल चालवायला मी तशी शिकले आहे, पहाटे मेहरूण तलावापर्यंत जाऊन येते. पण पिशवी भरायला बसले तेव्हा माझे हात थांबले. चालता चालता मला काय खाववतं, हेच मला माहीत नव्हतं. शेवटी यांना देते तेच भरलं. निघताना यांनी दोनदा बजावलं, "भूक लागायच्या आधी खायचं. भूक लागली म्हणजे उशीर झाला."

एरंडोलला सगळे थांबले आणि खाऊ लागले. मी दशमी फडक्यातून काढली, हातात धरली आणि घरी फोन लावला. "आईंनी खाल्लं का?"

"झोपलीये अजून. तू खा की."

मी दशमी परत गुंडाळून ठेवली. मुद्दाम नाही ठेवली, ठेवली गेली. तुला आठवतं का, धुळ्याच्या घरी मी शाळेतून येते, टोपलीतली दशमी उचलते, पहिलाच घास तोंडात आहे आणि तू चुलीपुढून न वळताच विचारतेस, "मोठी मायनी खादं का?" मोठी माय, म्हणजे तुझी सासू, ओट्यावर माळ ओढत बसलेली. मी भरल्या तोंडानं "नही" म्हणते. "मंग तुनं तोंड कसं काय हाली ऱ्हायनं?" तू मारलं नाहीस. फक्त हात पुढे केलास आणि मी तोंडातला घास त्यावर काढून ठेवला. तू स्वतः कधी जेवायचीस ते मी पाहिलं नाही. आम्ही झोपल्यावर जेवत असशील.

पारोळ्याच्या अलीकडे माझे पाय गेले. दुखले नाहीत, नुसते संपले. डोळ्यांपुढे रस्ता पांढरा झाला आणि मी कापसाच्या एका शेताच्या बांधावर बसले. मागून ग्रुपची गाडी आली. तिच्यातल्या भाऊंनी माझी पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, हे काय फिरवून आणायला घेतलं होतं का?" बाकीचे हसले, मीही हसले. त्यांनी मला साखरेचं पाणी पाजलं आणि सायकल गाडीवर टाकली. धुळे तिथून फार लांब नव्हतं. आपल्या गल्लीत जाऊन पाच मिनिटं उभी राहायची, एवढंच मी ठरवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. तू गेल्यावर घर विकलं, तेव्हापासून मी तिकडे गेलेली नाही.

घरी आले तर सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. यांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. बोलणं अर्धवट झालं आहे त्यांचं, तरी एवढं नीट म्हणाल्या, "माह्यासाठी काहाले उपाशी राह्यली वं? मी कवा म्हटलं?" खरंच, त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या राइडला मी नाव दिलं आहे. रस्ता तोच, धुळ्याचा. यांना वाटतं माझे पायही कच्चे आहेत, म्हणून संध्याकाळी स्वतः आईजवळ बसतात आणि मला सायकल देऊन बाहेर काढतात. पायांना काही झालेलं नाही. मी सराव करते तो दुसराच. सकाळी सासूबाई उठायच्या आधी ओट्याशी उभी राहून एक दशमी खाते. पहिले काही दिवस घास तोंडातच फिरायचा. आज पूर्ण दशमी गेली. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. खाताना मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं आणि चावल्याचा आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. सासूबाईंना तसंही कमी ऐकू येतं. नळ तुझ्यासाठी होता.